अंजनाबाईंसाठी

माझ्या टीव्हीत एका परक्या पुरुषाचं नाव दिसलं, त्या दिवशी मी टीव्हीवर टॉवेल टाकला.

दिवाळीला अंकित आला होता. अंकित माझा एकुलता एक मुलगा, हैदराबादला नोकरी करतो. त्यानं माझ्यासाठी मोठा टीव्ही आणला, भिंतीला लावला आणि खाली पंजाएवढा एक काळा बॉक्स ठेवला. "आई, यात सगळं दिसते," म्हणाला. मला रिमोटची चार बटणं शिकवली आणि चौथ्या दिवशी बायको-पोरीला घेऊन परत गेला. मी त्या चारातलं एकच बटण दाबायची. बातम्या लागायच्या, मला तेवढं पुरत होतं.

मग एका दुपारी बोट भलत्याच बटणावर पडलं. पडदा निळा झाला. मधोमध घराचं एक चित्र आलं आणि त्याखाली अक्षरं. मी अक्षरं सावकाश वाचते... म — हा — गू.

महागू! भिंतीपलीकडचे महागू मेश्राम!

आधी मी पदर सावरला. खरंच. त्यांचं नाव माझ्या टीव्हीत दिसतं, म्हणजे मीसुद्धा त्यांच्या टीव्हीत दिसत असणार, हे मला अगदी सरळ वाटलं. आणि दुपारी मी काय अवतारात असते! केस मोकळे, पाय पसरलेले, मांडीवर शेंगांचं सूप. मी उठले, दोरीवरचा टॉवेल ओढला आणि टीव्हीचं तोंड झाकलं.

तीन दिवस टॉवेल तसाच. चौथ्या दिवशी मात्र राहवलं नाही.

आमची दोन घरं एकाच भिंतीला टेकून आहेत. तीच भिंत मागच्या अंगणात गेली की खांद्याएवढी होते. पलीकडे महागू वालाच्या वेलाला नळीनं पाणी घालत होते. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत त्यांनी तीस वर्षं डंपर दुरुस्त केले. बायको तिथल्या कॉलनीतच वारली, मुलगी भिलाईला दिली. निवृत्त होऊन ते बालाघाटला आले त्याला दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत आमचं बोलणं म्हणजे जाता-येता 'जय भीम', एवढंच.

"जय भीम, बाई."

"जय भीम. महागूभाऊ, तुमाले एक विचारायचं हाय. तुम्ही माह्या टीव्हीत काय करून राह्यले?"

नळी त्यांच्या हातात तशीच राहिली. पाणी त्यांच्याच पायावर पडायला लागलं.

"मी?... तुमच्या टीव्हीत?"

"हौ. नाव हाय तुमचं. घराचं चित्र बी हाय."

मग त्यांचा चेहरा असा उजळला की जणू रुसलेला डंपर सुरू झाला.

"असं व्हय! म्हनजे दिवाळीपासून माह्या कॉम्प्युटरात जो अनोळखी पाहुना दिसते, तो तुम्ही हाय!"

"अवो माय! म्हनजे मी दिसतो तुमाले?"

"नाही नाही जी! नुसतं बॉक्सचं नाव दिसते. तुम्ही नाही दिसत." त्यांनी घाईनं नळी खाली टाकली. "तुमच्या अंकितनं दिवाळीत माह्या वायफायचा पासवर्ड मागितलता. 'काका, दोन दिवसांसाठी द्या.' दोन दिवसांचे दोन महिने झाले. तो काढाले विसरला, अन् मले बी मालूम नोहोतं का कोनाचा हाय. माह्या कॉम्प्युटरात चारशे सिनेमे हायत. घरातल्या कोनत्याई टीव्हीवर लागतात. तुमचा बॉक्स आता... माह्या घरातला होऊन बसला, बाई."

घरातला होऊन बसला! माझे कान गरम झाले. या वयात कान गरम होतात हे मी विसरूनच गेले होते.

"मंग काढून टाका जी, आजच्या आज."

"काहून? तुम्ही पाह्यल्यानं सिनेमा झिजते का?" ते वेलाकडे पाहत म्हणाले. "चारशे सिनेमे, अन् पाहनारा मी एकटा. हसलो तरी घरात कोनाले ऐकू येत नाही. तुम्ही पाहा. मले बरं वाटन."

मी घराकडे वळले.

"अन् बाई — तो टॉवेल काढा. तीन दिवसांपासून खिडकीतून दिसून राह्यला. मले वाटलं टीव्हीले ताप आला का काय."

त्यांच्यासमोर मी हसले नाही. घरात येऊन हसले. टॉवेल काढला तेव्हाही हसतच होते.

पण ते घराचं चित्र उघडलं आणि माझं हसू गेलं. चारशे नावं होती, आणि सगळी इंग्रजीत.

मी अक्षरं पंचेचाळिसाव्या वर्षी शिकले. शाळेत पोरांचं मध्यान्ह भोजन रांधायची. भांडी झाली की पहिलीच्या वर्गात पोरांच्या मागं, शेवटच्या तरटाच्या पट्टीवर बसायची. तिथंच आपली बाराखडी झाली. इंग्रजीपर्यंत मी पोचलेच नाही. त्या नावांकडे पाहून वाटलं, कोणी ताट वाढलं आणि वर काच ठेवली.

दुसऱ्या दिवशी महागूंनी भिंतीवरून विचारलं, "पाह्यला का एखादा?"

खोटं बोलणार होते. पण त्यांचा चेहरा फार आशेनं वर झाला होता.

"मले इंग्रजी येत नाही जी. कोनता सिनेमा कोनता, कसं समजन?"

"असं व्हय," ते म्हणाले. बस्स, एवढंच. आणि आत गेले.

पुढचे तीन दिवस ते अंगणात दिसलेच नाहीत. भिंतीला कान लावला तर पलीकडून टक-टक आवाज यायचा. थांबायचा, पुन्हा टक-टक. मला वाटलं, कंटाळले माझ्या अडाणीपणाला.

चौथ्या दिवशी सहज बटण दाबलं. आणि मी रिमोट हातात घेऊन उभीच राहिले.

सगळी नावं आपल्या अक्षरांत! चारशेच्या चारशे! प्रत्येक नावापुढे त्यांनी एक-दोन शब्दसुद्धा लिहिले होते — 'हसायचा'. 'रडायचा'. 'मारामारीचा, पण गाणी चांगली'. 'यात आई मरते, पाहू नका'. मोठ्या पडद्यावर एकेक अक्षर माझ्या तळहाताएवढं. मी एक-एक वाचत गेले, संध्याकाळ होईपर्यंत. सिनेमा एकही लावला नाही. त्या दिवशी नावंच पुरली.

माझ्यासाठी आजवर कोणी चारशे वेळा काही केलं नव्हतं.

आभार कसे मानायचे? तोंडानं जमेना. मी चिन्नौरच्या तांदळाची खीर केली. तो तांदूळ शिजला की वासानं अख्ख्या गल्लीला कळतं. खीर स्टीलच्या डब्यात भरली, डबा भिंतीवर ठेवला आणि आत पळाले... हो, पळालेच. गुडघे दुखतात हे नंतर आठवलं.

संध्याकाळी डबा परत भिंतीवर. घासून, पुसून. आत चार पिकली बोरं.

तिथून आमची रीत पडली. सिनेमा आवडला तर डबा भरून भिंतीवर ठेवायचा. नाही आवडला तर रिकामा डबा उलटा. एकदा त्यांनी 'फार सुंदर' लिहिलेला सिनेमा मी पाहिला. त्यात दोन माणसं दोन तास समुद्राकडे पाहत बसली होती. मी डबा उलटा ठेवला, आणि वर एक वीट.

"वीट काहून?" भिंतीपलीकडून आवाज आला.

"दोन तास गेले माह्ये!"

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

जानेवारीत मावठ्याचा पाऊस आला. त्या दुपारी बॉक्सवर एक नवीन कप्पा दिसला. वर लिहिलं होतं — 'अंजनाबाईंसाठी'. माझं नाव! रेशनकार्डावर पाहिलं होतं, मतदारयादीत पाहिलं होतं. पण तिथं ते दुसऱ्या कोणाला कळावं म्हणून लिहिलेलं असतं. हे मी वाचावं म्हणून लिहिलं होतं. कप्प्यात सात सिनेमे होते. सगळ्यात वर एक ओळ होती, तिला सिनेमाच नव्हता, उघडली तर नुसता काळा पडदा. नाव होतं — 'आज दोन वाजता पहिला सिनेमा. मी बी इकडून लावतो'.

दोन वाजता मी लावला. भिंतीपलीकडेही तोच आवाज सुरू झाला, एक श्वास मागेपुढे. पत्र्यावर पाऊस वाजत होता. त्यांच्याकडचा हिरो आधी बोलायचा, माझ्याकडचा नंतर. हसण्याची जागा आली की पलीकडून हसू यायचं आणि मला आधीच कळायचं की आता हसायचं आहे. मध्येच भिंतीवर ठक-ठक झालं. मी सिनेमा थांबवला, मागच्या दाराशी गेले. भिंतीपलीकडे ते छत्री घेऊन उभे, हातात दोन कप.

"मध्यंतर," ते म्हणाले.

चहात आलं होतं. पाऊस कपात पडू नये म्हणून त्यांनी छत्री माझ्या कपावर धरली. स्वतः भिजत राहिले.

"महागूभाऊ, छत्री आपल्या डोक्यावर घ्या नं."

"घेतो. पन एक सांगू का?" ते कपात पाहत म्हणाले. "माह्या दोन बहिनी हायत. एक गोंदियाले, एक वारासिवनीले. राखीले दोघीकडं जाता जाता जीव जाते. तिसरी नको मले."

मला समजायला एक घोट लागला.

"मंग काय म्हनू?"

"काई नका म्हनू. नुसतं 'अवो' म्हना."

"अवो!" मी डोळे मोठे केले.

"हौ," ते म्हणाले, जणू मी हाकच मारली होती.

त्या दिवशी सिनेमाचा उरलेला भाग कसा होता, कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही.

मग रोज दुपारी दोनला सिनेमा. रोज ठक-ठक. कप्प्यात रोज एक नवी ओळ. 'आजचा रडायचा हाय, टॉवेल जवळ ठेवा. टीव्हीवर नाही, डोळ्यासाठी'. 'लाखोळीच्या डाळीची भजी म्हणजे भजी. हॉटेलवाल्यानं तुमच्या पाया पडावं'. 'काल तुम्ही हसल्या ते इकडं ऐकू आलं. पुन्हा हसा'. मी झोपताना दिव्यासोबत बॉक्सचंही बटण बंद करायची, ती माझी जुनी सवय. सकाळी लावला की नवी ओळ हजर. बॉक्स सुरू होईपर्यंतचं ते एक मिनिट... सोळा वर्षांची असताना मी कोणाच्या पत्राची वाट पाहिली नाही. तेव्हा पत्र आलं असतं तरी वाचता कुठं आलं असतं! ते सगळं मला आता मिळत होतं.

आणि मार्चमध्ये अंकितचा फोन आला.

"आई, रूपालीची नोकरी पुन्हा सुरू होऊन राह्यली. खुशीला कोन पाहीन? तू आता इकडंच ये, कायमची. घर भाड्यानं देऊ. महिनाअखेर गाडी घेऊन येतो."

मी 'बरं' म्हटलं. पोराला आई दुसरं काय म्हणते? म्हटल्यावर कळलं की जीभ आपली होती, पण शब्द सवयीचा होता.

दुसऱ्या दिवशी मध्यंतरात मी महागूंना सांगितलं. ते चहात चमचा फिरवत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "मानसानं पोरापाशी राहावं."

मी वाट पाहिली. चमचा फिरत होता. मी कप भिंतीवर ठेवला आणि आत आले.

मनात म्हटलं, तोंडानं नाही जमत त्यांना. लिहितील. नक्की लिहितील. आजच लिहितील.

म्हणून त्या दिवसापासून मी बॉक्स बंदच केला नाही. झोपताना दिवा विझवला, पण बॉक्स चालू ठेवला. 'अंजनाबाईंसाठी' उघडून ठेवलं, निरोप आला तर एक क्षणही हुकू नये. सकाळी उठले, पाहिलं. कालचीच ओळ. दुपारी पाहिलं. तीच. तिसऱ्या दिवशीही तीच. पडद्यावर माझं नाव होतं, त्याखाली जुन्या ओळी, आणि नवीन काहीच नाही.

त्यात, महागूंना सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझी नणंद गोदाबाई सामान बांधायला खैरलांजीहून आली होती. माझ्या गेलेल्या नवऱ्याची थोरली बहीण. तोंडानं तिखट, हातानं उदार. दुपारभर मागच्या अंगणातच खाट टाकून बसायची, त्यामुळे भिंतीजवळ जायची सोय राहिली नाही. सिनेमा बंद. सिनेमा नाही, तर डबाही नाही. ठक-ठक पहिल्या दिवशी एकदा झालं.

"हे काय वाजलं वो?" गोदाबाईनं विचारलं.

"उंदीर असन."

"उंदीर दोनदा ठोकून थांबते का?"

मी उठून आत गेले. पुन्हा ठक-ठक झालं नाही.

"अन् हा टीव्ही रातदिन चालू काहून ठेवून राह्यली तू? तुह्यंच नाव लिवलं हाय त्याच्यावर, आरतीच्या ताटावानी पाहत बसते!"

मी पुन्हा टॉवेल टाकला. बॉक्स मात्र चालूच ठेवला. गोदाबाई झोपली की टॉवेलचं टोक उचलून पाहायची. काही नाही. काहीच नाही.

मग माझी समजूत पटली. चारशे नावं त्यांनी दयेनं बदलली. सिनेमाला सोबत हवी म्हणून. आपण बाई वेड्या. एक चांगला शेजारी मिळाला, चार दुपारी गोड गेल्या, आता आभार मानून निघावं. खरंच सांगते, रडतानाही मनात तक्रार नव्हती. कोणी माझ्यासाठी छत्री धरली होती. तेवढी आठवण घेऊन मी हैदराबादला जगले असते.

महिनाअखेरीस अंकित आला. रूपाली आली, पाच वर्षांची खुशी आली. निघायच्या दिवशी सकाळी भांडी पोत्यात गेली, गाद्या बांधल्या. चुलीवर शेवटचं म्हणून मी वाटेसाठी पुऱ्या आणि कोरडं पिठलं केलं. मोठ्या डब्यात भरलं. मी डबा बांधत असताना अंकित बाहेरून आला. हातात साबणाच्या वडीएवढी एक पेटी होती, कागदात गुंडाळलेली.

"शेजारचे काका देऊन गेले. म्हने आईसाठी हाय, हैदराबादले लावा."

"आत नाही आले?"

"नाही. दारातूनच गेले."

ती पेटी मी हातात घेतली. उचलायला हलकी होती. मला जड लागली.

अंकितनं टॉवेल काढला, टीव्ही उतरवायचा म्हणून बॉक्सची वायर ओढली. पडदा काळा झाला. आणि खुशीनं भोकाड पसरलं.

"मेरा कार्टून! दादी के घर का कार्टून!"

"दस मिनट लावून द्या नं तिले," रूपाली म्हणाली. "रस्ताभर रडन नाही तं." तिनं वायर परत लावली, रिमोट हातात घेतला. निळा पडदा आला. ती यादीत कार्टून शोधत होती. एकदम थांबली.

"आई... 'अंजनाबाईंसाठी' म्हनजे?"

मी वळून पाहिलं. माझ्या नावाखाली आज नव्या ओळी होत्या. एक नाही, सात.

"या कधी आल्या?" मी टीव्हीजवळ गेले. "मी तं बारा दिवस बंद नाही केला! रोज पाहत होतो!"

रूपाली गोंदियाची, हुशार पोरगी. तिनं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "आई, बंद नाही केला म्हनूनच. हा बॉक्स चालू होते तेव्हा एकदाच यादी वाचते. चालूच ठेवला तं जुनीच दाखवत राहते." मग तिनं वरची ओळ वाचली असावी. तिचा चेहरा बदलला. तिनं रिमोट माझ्या हातात दिला. "हे तुमचं हाय. तुम्हीच वाचा." आणि खुशीला कडेवर घेऊन बाजूला सरकली.

सगळे उभे होते. अंकित, दारात गोदाबाई. मी वाचायला लागले. अक्षराला अक्षर लावून, जशी शेवटच्या पट्टीवर बसून वाचायची तशी. मोठ्यानं वाचल्याशिवाय मला अजून वाचता येत नाही.

'१. जाऊ नका म्हणायचा मले हक्क नाही.'

'२. तरी म्हणतो. जाऊ नका.'

'३. डबा दिसला नाही. ठोकलं तं कोणी आलं नाही. रागावल्या का?'

'४. मिस्त्रीले विचारलं. अंगणाच्या भिंतीत दार काढता येते. तुमाले पटन तंच.'

'५. पटत नसन तं डबा उलटा ठेवा. मी समजून घेईन.'

'६. उलटा बी नाही. सुलटा बी नाही. रोज पाहतो.'

सातवी ओळ वाचताना अक्षरं हलायला लागली. अक्षरं नव्हती हलत.

'७. सुखी राहा. चारशे सिनेमे पेटीत टाकले. नावं आपल्या अक्षरातच हायत. तुम्ही आल्या तं माह्यं हसू ऐकणारं कोणी होतं. उपकार झाले.'

अंकित टीव्हीसमोरून माझ्याकडे वळला.

"आई," अंकित म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. माझ्यासारखेच होतात. "म्हनजे तू... अन् मेश्रामकाका... लोक काय म्हनतीन?"

"लोकाईचं मले नाही मालूम, बाबू. मले आत्ताच समजलं का मी काय म्हनतो."

मी डबा शोधला. आमचा रोजचा डबा पोत्यात, पोत्याचं तोंड शिवलेलं. समोर होता फक्त वाटेचा डबा, कापडात बांधलेला, पुऱ्यांनी गरम. मी तो उचलला.

"आई, तो वाटेचा डबा हाय!" अंकित म्हणाला.

"हौ. पन आता वाटेनं जाते कोन?"

दारात गोदाबाई उभी होती. माझ्या नवऱ्याची सख्खी बहीण. ती हलली नाही. मी तिच्यासमोर थांबले. आयुष्यभर तिच्या तोंडाला भ्यायले, त्या क्षणीही भीत होते.

तिनं डब्यावर हात ठेवला. झाकण उघडून पाहिलं.

"पुऱ्या हाय, पिठलं हाय. लोनचं काहून नाही ठेवलं?" ती म्हणाली. "पहिल्यांदा मानसाले जेवाले घालून राह्यली, अन् बिनालोनच्याचं?" मग पिशवीतून तिनं स्वतःची आंब्याच्या लोणच्याची बरणी काढली, दोन फोडी डब्यात टाकल्या आणि बाजूला झाली. "जा. उंदीर बारा दिवसांचा उपाशी हाय."

मी मागच्या अंगणात गेले. लख्ख सकाळ होती. कुठून तरी मोहाचा वास येत होता. भिंतीवर वालाचा वेल पार वाळला होता, बारा दिवस त्याला कोणी पाणी दिलं नव्हतं. मी डबा भिंतीवर ठेवला. सुलटा. या वेळी पळाले नाही. तिथंच उभी राहिले.

पलीकडे खाटेवर महागू पाठ करून बसले होते.

"अवो," मी हाक मारली.

ते वळले. डबा पाहिला. मग मला पाहिलं. मग पुन्हा डबा, जणू तो उलटा आहे की सुलटा याची त्यांना खात्री पटत नव्हती.

"बॉक्स बंद नोहोता केला मी," मी म्हणाले. "तुमची ओळ येईन म्हनून चालूच ठेवला. त्याच्यानंच नाही आली."

ते डोळे पुसत हसायला लागले. "बाई... बारा दिवस मले वाटलं का तुम्ही वाचून गप हाय. अन् तुम्ही..."

"अन् मले वाटलं का तुम्ही लिहतच नाही."

"मंग? चारवाली ओळ... दाराची?"

"दार मोठं करा," मी म्हणाले. "माह्ये गुडघे दुखतात. वाकून येनार नाही मी."

मागून अंकितचा आवाज आला. तो दारात उभा होता, मान खाली, पण तोंडावर हसू लपत नव्हतं. "काका... पासवर्ड मीच मागितलता नं तुमाले?"

"हौ बाबू. दोन दिवसांसाठी."

रूपाली त्याच्या मागून म्हणाली, "खुशीची शाळा जूनमधी सुरू होते. तोवर माही आई येईन गोंदियाहून. जूनमधी या. दोघं या."

गाडी दुपारी गेली, माझ्याशिवाय. जाताना अंकितनं मिस्त्रीचा नंबर घेतला.

एप्रिलमध्ये, भीमजयंतीनंतरच्या रविवारी, विहारात चार माणसांत आमचं लग्न झालं. गोदाबाईनं लोणचं वाढलं. भिलाईहून त्यांची मुलगी आली, तिनं माझ्या कानात सांगितलं की बाबा फोनवर आता हसतात, थँक्यू आई. मी तिला म्हटलं, मला कशाला, त्या काळ्या बॉक्सला म्हण.

खरं तर कोणाकोणाला म्हणायचं? पासवर्ड काढायला विसरलेल्या पोराला, त्या भलत्या बटणाला, पहिलीच्या त्या शेवटच्या पट्टीला. मला अक्षरं आली नसती, तर हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर असूनही माझं झालं नसतं.

भिंतीत आता दार आहे, वाकावं न लागणारं. दुपारी दोनला सिनेमा असतो, एकाच टीव्हीवर, एकाच खाटेवर बसून. तरी मध्यंतरात ते उठतात, भिंतीवर दोनदा ठोकतात आणि चहा ठेवतात.

झोपायच्या आधी मी न विसरता बॉक्स बंद करते. सकाळी ते चूळ भरत असतात तेव्हा लावते. एक मिनिट लागतं. मग माझ्या नावाखाली नवी ओळ येते.

आज होतं — 'काल समुद्रवाला सिनेमा पुन्हा लावला तं तुम्ही माह्या खांद्यावर झोपल्या. पूर्ण दोन तास. फार सुंदर सिनेमा हाय'.